मेणबत्तीच्या जागी मी

मित्रांनो, माझ्याकडे असं निरखून पाहू नका. मी एक जुनी लाइटस्टिक आहे, आणि कुणी टक लावून पाहिलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हातात मावेल एवढी पांढरी मूठ, तिच्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक नळी आणि मुठीवर एक बटण, एवढंच माझं रूप. बटण दाबलं की मी पेटायचे. पुन्हा दाबलं की रंग बदलायचा. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा, निळा, असे कितीतरी रंग माझ्या पोटात होते. 'होते' म्हणते, कारण आता त्यातला एकही उरलेला नाही. ते कसं झालं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

लोक मला जपानी समजतात. मीही पूर्वी तशीच मिरवायचे. खरं म्हणजे माझ्या बुडाशी अगदी बारीक अक्षरांत 'चीनमध्ये बनवलेले' असं छापलेलं आहे. पण मी कशासाठी आहे, हे मात्र जपानमध्ये ठरलं होतं. तिकडे गाणारे-नाचणारे मुलींचे गट असतात. त्या मुलींना आयडॉल म्हणतात. गटातल्या प्रत्येक मुलीला एक रंग वाटून दिलेला असतो. कार्यक्रम सुरू झाला की हॉलमध्ये अंधार करतात, आणि प्रेक्षक आपल्या आवडत्या मुलीच्या रंगाचा दिवा तालावर हलवतात. जिला आपण मनापासून पाठिंबा देतो ती आपली 'ओशी'. स्टेजवरच्या मुलीला अंधारात चेहरे दिसत नाहीत, पण आपला रंग दिसतो. आपल्यासाठी कुणीतरी आलं आहे, हे तिला त्या उजेडावरून कळतं.

तिकडचा आणखी एक रिवाज सांगते. एखादी मुलगी गट सोडून जायला निघाली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'ग्रॅज्युएट' व्हायला निघाली, की तिचा निरोपाचा कार्यक्रम होतो. त्या दिवशी शेवटच्या गाण्याला सगळे प्रेक्षक आपापला रंग सोडून तिच्या एकटीच्या रंगाचा दिवा लावतात. आम्हा लाइटस्टिकच्या आयुष्यात याहून मोठा दिवस नसतो. खोक्यात शेजारी शेजारी पडलेल्या आम्ही सगळ्याजणी त्याच दिवसाची वाट पाहत असू.

मी मात्र टोकियोला गेलेच नाही. माझी रवानगी झाली बर्मिंगहॅमला. इथे वर्षातून एकदा मोठा मेळावा भरतो, आणि जपानी कार्टूनमधल्या पात्रांसारखे कपडे घालून मुलं तिथे जमतात. तिथून शाळकरी दियाने मला विकत घेतलं. वर्ष-दोन वर्षं तिने मला हलवून हलवून माझा खुळखुळा केला. मग ती मोठी झाली, साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीत गेली आणि जाताना मला चॅरिटी शॉपच्या पिशवीत टाकून गेली. त्या पिशवीतून मला बाहेर काढलं ते तिच्या आईने.

दियाची आई म्हणजे डॉक्टर धम्मशीला. मूळची अकोल्याची, इथे हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. इथल्या मराठी बौद्ध मंडळींत तिच्या शब्दाला फार मान. दर रविवारी मंडळ चर्चचा एक जुना हॉल भाड्याने घेतं. तिथे आधी बुद्धवंदना होते, आणि मग धम्मशीला वयस्क बायकांचा लिहिण्या-वाचण्याचा वर्ग घेते. भाषण करायला उभी राहिली की हॉल चिडीचूप. अशा बाईच्या पर्समध्ये माझ्यासारखी चमचमती वस्तू असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

झालं असं की साथीच्या त्या वाईट वर्षांत धम्मशीला ड्युटीवरून घरी आली की कितीतरी वेळ गाडीतच बसून राहायची. घरात शिरायचं बळ तिच्यात नसे. दियाने तिच्या फोनवर अशाच सातजणींच्या एका गटाच्या गाण्यांचे व्हिडिओ घालून ठेवले होते. ते पाहता पाहता तिला त्या गटातली एक मुलगी आवडू लागली. तिचं नाव मिहारू. सगळ्यात मागच्या ओळीत उभी राहणारी, आवाजाने बेताची, नाचताना हमखास एक पाऊल चुकणारी, आणि चुकलं तरी न थांबणारी. मिहारूचा रंग निळा. धम्मशीलाने पारदर्शक कागदावर जपानी अक्षरांत 'मिहारू ओशी' असं छापून घेतलं, त्याची गुंडाळी करून माझ्या नळीत सरकवली आणि मला निळ्या रंगावर आणून ठेवलं. त्या दिवशी मला माझं माणूस मिळालं.

पण हे सगळं दार लावून. लॅपटॉपचा आवाज बारीक, पडदे ओढलेले, आणि मी उशीच्या आड हलणारी. एकदा दियाने व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, तू माझा लाइटस्टिक ठेवला? सीरियसली? यू आर फिफ्टी-टू! प्लीज, माझ्या फ्रेंड्सना सांगू नको. इट्स सो क्रिंज."

धम्मशीला हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेव्हापासून तिने मला ओढणीत गुंडाळून पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. ओशी या शब्दाला लागूनच मराठीत ओशाळणं हा शब्द आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याच सुमारास मिहारूचा एक फोटो कुणीतरी छापला. एका मित्राबरोबर बसून ती नूडल्स खात होती, बस्स. पण तिकडच्या कितीतरी गटांत मुलींनी मैत्री-प्रेमाच्या भानगडीत पडायचं नाही, असा अलिखित दंडक असतो. बिचारीला कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून माफी मागावी लागली. किती वेळ ती तशीच वाकून होती. धम्मशीला लॅपटॉपला तोंड लावून म्हणाली, "कशाला गं वाकतेस? काय गुन्हा केलास तू?" आणि रडली. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याची आठवण येईल.

आता आमच्या फजितीकडे येते. मंडळाच्या हॉलमध्ये मेणबत्ती लावायला बंदी होती. आदल्या वर्षी आंबेडकर जयंतीला बुद्धांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, तर धुराचा अलार्म ठणाणा वाजला, फायर ब्रिगेड आली आणि नव्या साड्या नेसलेल्या बायका कार पार्कमध्ये थंडीत कुडकुडत उभ्या राहिल्या. या वर्षी काय करायचं, याची मंडळाचे सेक्रेटरी बबनकाका यांना मोठी चिंता. जयंतीच्या दिवशी धम्मशीला गडबडीत पर्स न तपासता आली. खाली मी होते, वर जेवणाचा डबा. डब्याच्या काठाने माझं बटण दाबलं गेलं.

"डॉक्टर, तुझ्या पर्समधून उजेड येतोय बघ," बबनकाका म्हणाले. "फोन चालू राहिला का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. धम्मशीलाने हात घातला आणि मी निळीशार बाहेर आले.

"अरे वा! निळा दिवा!" काका आनंदाने ओरडलेच. "मेणबत्तीऐवजी आणलास होय? ब्रिलियंट! नो स्मोक, नो अलार्म. आणि रंगसुद्धा आपला! जय भीम, डॉक्टर, जय भीम!"

तुम्हाला ठाऊकच आहे, निळा हा इथल्या मंडळींचा मानाचा रंग. झेंडा निळा, जयंतीचे फेटे निळे. मिहारूच्या वाट्यालाही निळाच यावा, हा निव्वळ योगायोग. धम्मशीलाचे ओठ हलले. "नाही काका, ती..." एवढं म्हणेपर्यंत चारी बाजूंनी कौतुक सुरू झालं. मग ती म्हणाली, "हो काका. म्हटलं, मेणबत्ती अलाउड नाही, तर..."

बबनकाकांनी दोन्ही हातांनी मला उचललं आणि एका ग्लासात उभी करून बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवलं. जिथे ज्योत असायची तिथे मी. अंगातून घाम फुटत असता तर त्या दिवशी ग्लास भरून गेला असता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तेवढ्यात चंदाबाई पुढे आल्या. चंदाबाई म्हणजे बबनकाकांच्या पत्नी. सत्तरी ओलांडलेल्या, आणि धम्मशीलाच्या वर्गातल्या सगळ्यात हौशी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अक्षर म्हणून ठाऊक नव्हतं. आता त्या दिसेल ते वाचत सुटायच्या. बिस्किटाचा पुडा, बसची पाटी, हॉलच्या दारावरचं 'पुश'. ते 'पुश' त्यांनी वाचलेलं पहिलं इंग्रजी. दार ढकलताना दर रविवारी त्या मोठ्याने म्हणायच्या, "पुश!" आणि खुशीत आत यायच्या.

चष्मा वर करून त्यांनी माझ्या नळीत पाहिलं. "पोरी, ह्याच्यात काय लिहिलंय? आपलं अक्षर नाही. इंग्लिशपण नाही."

"जपानी आहे, मावशी."

"जपानी? म्हणजे बुद्धाला मानणारी माणसं. काय लिहिलंय पण?"

धम्मशीलाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हॉलकडे. आणि म्हणाली, "बुद्धांचं नाव आहे, मावशी."

चंदाबाईंनी मला उचलून दोन्ही डोळ्यांना लावलं. त्यांच्या पापण्या माझ्या नळीला लागल्या. मित्रांनो, आयुष्यात मला पुष्कळांनी हातात धरलं, पण इतक्या मायेने कुणी धरलं नव्हतं, आणि माझ्यावर तर एका गाणाऱ्या मुलीचं नाव होतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता विझावं. पण बटण माझ्या हातात थोडंच असतं!

त्यानंतर दर रविवारी मला हॉलमध्ये जावं लागलं. मंडळी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणायची. धम्मशीला पुढे उभी राहून म्हणायची आणि बाकीचे तिच्या मागून. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी..." इथे आलं की तिचा आवाज एकदम खाली जायचा. मागच्यांना वाटायचं, बाईंना सर्दी झाली आहे. मी समोरच उभी असायचे, म्हणून मला तिचं तोंड दिसायचं. घरी परतल्यावर ती मला हातात धरून लॅपटॉपपुढे बसायची, पण बटण दाबायची नाही.

आणि मग चंदाबाईंनी एक दिवस मला घरी न्यायला मागितलं. "ते नाव मला कापडावर काढायचंय," त्या म्हणाल्या. "बुद्धांच्या टेबलावर घालू."

धम्मशीलाने माझी पिशवी घट्ट धरली. मला वाटलं, आता सांगेल. पण तिने पिशवी सोडली. "न्या, मावशी," एवढंच म्हणाली.

चंदाबाईंच्या स्वयंपाकघरात मी आठवडाभर राहिले. पांढरंशुभ्र कापड, निळा दोरा. एक वळण चुकलं तर त्या सगळा टाका उसवून पुन्हा घालायच्या. "देवनागरी सोपं गं बाई," मला म्हणायच्या, "हे जपानी वळण भारी अवघड." बबनकाका चहा पिता पिता थट्टा करायचे, "आता जपानला जायचं का?" त्यावर त्या म्हणायच्या, "जाऊ की. तिथं पाटी वाचायला मी आहे." असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यानेच मला जास्त मेल्यासारखं व्हायचं.

बुद्धपौर्णिमेला ते कापड टेबलावर आलं. सगळ्यांनी वाहवा केली. त्याच दिवशी बबनकाकांनी एक पाहुण्या बोलावल्या होत्या. मोरिताबाई त्यांचं नाव. जपानच्या, केस पांढरे झालेल्या, बौद्ध धम्माचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिका. धम्मशीलाला हे ऐनवेळी कळलं. मी ग्लासात उभी होते आणि तिथून तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला दिसत होता.

चंदाबाई मोरिताबाईंचा हात धरून टेबलापाशी घेऊन आल्या. छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बुद्धा नेम. जपानी. आय मेक."

मोरिताबाई वाकल्या. कापडावरून बोट फिरवत त्यांनी मोठ्याने वाचलं, "मि-हा-रू... ओ-शी." आणि त्यांचा चेहरा फुलला. "ओह! मिहारू! माय ग्रँडडॉटर लव्हज हर! शी इज अ पॉप सिंगर!"

"नो, नो. बुद्धा नेम," चंदाबाई म्हणाल्या.

"नो, नो, सिंगर. यू नो, साँग, डान्स..." मोरिताबाईंनी हसत हाताने नाचाची एक झलकसुद्धा करून दाखवली. मग त्यांचं लक्ष आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे गेलं आणि हात हवेतच थांबला. काय झालं ते त्यांना कळलं नसावं, पण काहीतरी झालं एवढं कळलं. त्या कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी." ज्यांची काही चूक नव्हती, त्या माफी मागत होत्या. आणि धम्मशीला भिंतीशी गप्प उभी होती.

"ओशी म्हणजे? ओशाळलेली?" बबनकाकांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. "मिस्टेक झाली असेल. प्रिंटिंग मिस्टेक. काय डॉक्टर?"

चंदाबाई वळल्या. "डॉक्टर, तुम्हाला ठाऊक होतं?"

मित्रांनो, त्यांनी 'तुम्हाला' म्हटलं. आजवर त्या धम्मशीलाला 'पोरी' म्हणत आल्या होत्या. धम्मशीलाने मान खाली घातली.

"हे इंग्लंडला असताना मी गावी होते," चंदाबाई बबनकाकांकडे बोट दाखवत म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "ह्यांचं पत्र आलं की एकजण वाचून दाखवायचा. मनचं घालायचा. नवऱ्याने लिहिलंय म्हणून काहीबाही वाचायचा, आणि माझं तोंड बघून बाकीचे हसायचे. मला नंतर कळलं. म्हणून म्हातारपणी तुमच्या वर्गात येऊन बसले. म्हटलं, आता कुणी मनचं वाचून दाखवणार नाही." त्या पुन्हा धम्मशीलाकडे वळल्या. "भूल द्यायचं तुमचं काम. मलाही दिलीत."

त्यांनी मला टेबलावरून बाजूला ठेवलं, मूर्ती हळूच उचलून कापड काढून घेतलं, घडी घातली आणि दाराकडे गेल्या. हॉलचं दार आतून ओढून उघडावं लागतं. त्यांनी ते न वाचताच ओढलं.

त्या रविवारी वर्ग झाला नाही. पुढच्या रविवारी झाला, पण चंदाबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. धम्मशीला फळ्यावर लिहिता लिहिता दाराकडे पाहायची. मंडळींनी तिला काही म्हटलं नाही, हॅलो-बाय चालूच राहिलं, तेच जास्त वाईट. घरी येऊन तिने मला स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटात, फरशी पुसायच्या फडक्यांमागे कोंबलं. सेलसकट. तिथे पाइप ठिबकत असे. उन्हाळा गेला, पानं गळायला लागली, आणि माझ्या पोटात काहीतरी जळजळू लागलं. ओरडायला मला तोंड नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये दियाचा फोन आला. तो स्पीकरवर होता, म्हणून मला फडक्यांमागूनही ऐकू आला.

"आई, मिहारू ग्रॅज्युएट होते आहे. संडेला लास्ट शो. सिटी सेंटरच्या सिनेमात लाइव्ह दाखवणार, मॉर्निंगला. मी तुझा तिकीट काढला आहे." मग म्हणाली, "सॉरी, मी तुला क्रिंज म्हटलं. तू जा ना, आई."

रविवारी सकाळी दार उघडलं, हात आत आला आणि मी पर्समध्ये गेले. वर्ग तिने मंडळातल्या मनीषाताईंवर सोपवला होता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दिवस उजाडला होता. बस निघाली. मी मनातल्या मनात निळ्या रंगाची तयारी करत होते. पण सिटी सेंटर यायच्या बरंच आधी धम्मशीला उठली आणि उतरली. पावलांच्या आवाजावरून मला रस्ता कळला. आम्ही चंदाबाईंच्या दारात उभ्या होतो.

"जय भीम, मावशी."

"जय भीम, डॉक्टर. या, बसा."

चहा आला. पर्सच्या फटीतून मला दोघी दिसत होत्या. धम्मशीला म्हणाली, "मावशी, आय अ‍ॅम रिअली सॉरी."

"सॉरी नको," चंदाबाई म्हणाल्या. "सॉरी इथं दुकानात धक्का लागला तरी म्हणतात. मराठीत सांगा."

धम्मशीलाने कप खाली ठेवला आणि बोलू लागली. "मला लाज वाटली, मावशी. मी डॉक्टर, मी भाषणं करणार, आणि एका गाणाऱ्या पोरीसाठी मी दार लावून दिवे हलवते. ते चारचौघांत कळेल, याची लाज वाटली. म्हणून खोटं बोलले. तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. तुमची शिक्षिका असून." एवढं बोलून ती खुर्चीवरून उठली आणि चंदाबाईंपुढे वाकली, कमरेत, मिहारू वाकली होती तशी. चटकन सरळ झाली नाही.

"गाणं आवडतं ह्याची लाज?" चंदाबाईंना ते खरंच कळेना. "चोरी केली होतीस का?"

धम्मशीला रडत रडत मान हलवत होती. मी मात्र कान टवकारले. 'होतीस' म्हणाल्या होत्या.

चंदाबाई आत गेल्या आणि ते कापड घेऊन आल्या. टाकून दिलं नव्हतं. टेबलावर पसरलं, चष्मा चढवला. "आता खरं काय ते वाचून दाखव. एकेक अक्षर."

धम्मशीलाने त्यांचं बोट धरून अक्षरावर ठेवलं. "मि. हा. रू."

"मी हारू? अगं, कशाला हारतेस?" चंदाबाई म्हणाल्या, आणि रडता रडता धम्मशीलाला हसू फुटलं. "पुढं?"

"ओ-शी. मागून ढकलायचं, पुढं करायचं. जिच्या पाठीशी आपण उभं राहतो ती ओशी."

"ढकलायचं?" चंदाबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे पुश!"

"हो, मावशी. पुश."

"मग असं सांग ना, एवढं सोपं." त्यांनी ती अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचली. मग एकदम वर पाहिलं. "आणि ही पोरगी कुठं असते आता?"

"आज तिचा शेवटचा प्रोग्राम आहे, मावशी. सिनेमात दाखवताहेत. सुरूपण झाला असेल."

"आणि तू इथं बसलीस? ढकलणारीच इथं, तर ती पुढं जायची कशी? ऊठ." चंदाबाईंनी कापड खांद्यावर टाकलं आणि पायांत बूट घातले. "अहो, मी पोरीबरोबर सिनेमाला चाललेय!" आतून बबनकाकांनी काय विचारलं ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. स्टॉपवर बस आली तेव्हा पाटी त्यांनीच वाचली. "सिटी सेंटर. हीच."

चंदाबाईंचं तिकीट दारावर काढून आम्ही आत पोहोचलो तेव्हा शेवटचं गाणं सुरू होत होतं. अंधारात अजून सगळे रंग हलत होते. पडद्यावर मिहारू पहिल्यांदाच मधोमध उभी होती, मागची ओळ तिच्या मागे. मग टोकियोच्या त्या अफाट हॉलमध्ये एक निळा दिवा लागला, मग दहा, मग सगळेच. इथे आमच्या सिनेमातही रांगांमागून रांगा निळ्या होत गेल्या.

धम्मशीलाने मला बाहेर काढलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा, मग माझी मूठ उघडली. माझ्या पोटातले सेल फुटले होते. सगळीकडे पांढरट हिरवी बुरशीसारखी पूड, तारा खाऊन टाकलेल्या. त्या निळ्या गर्दीत मी एकटी काळी. ज्या एका दिवसासाठी मला बनवलं, त्या दिवशी मी हातात होते आणि पेटले नाही. मित्रांनो, मूर्तीपुढे उभी असताना मला इतकी लाज वाटली नव्हती.

धम्मशीला मला पर्समध्ये लपवणार, तेवढ्यात चंदाबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं आणि उंच धरलं. "पेटत नाही तर राहू दे," त्या म्हणाल्या. "अक्षरं आहेत ना." आणि पुढच्या रांगेतल्या दिव्यांच्या उजेडात माझ्या नळीतलं वाचून ओरडल्या, "मिहारू ओशी!" पुढच्या रांगेतल्या दोन मुली दचकून वळल्या. त्यांच्या गळ्यात मिहारूच्या नावाचे छापील टॉवेल होते. त्यांनी चंदाबाईंच्या खांद्यावरचं कापड पाहिलं.

"ओ माय गॉड, डिड यू मेक दॅट?"

"येस," चंदाबाई म्हणाल्या. "माय हँड." धम्मशीला ओंजळीत तोंड लपवून बसली होती. गाणं संपेपर्यंत त्यांनी मला खाली आणलं नाही.

पुढच्या रविवारी हॉलच्या दारातून आवाज आला, "पुश!" वंदनेआधी धम्मशीलाने पुढे उभं राहून सगळं सांगितलं, मिहारूसकट. काही जण हसले, काहींनी नाक मुरडलं, एकजण उठून बाहेर गेले. मग ती पंचशील म्हणायला लागली. चौथ्या शीलाला तिचा आवाज खाली गेला नाही. टेबलावर माझ्या जागी आता एक साधा बॅटरीचा दिवा आहे, आणि त्याच्यावर काहीही लिहिलेलं नाही.

मी चंदाबाईंच्या काचेच्या कपाटात असते. कापड माझ्या खाली अंथरलेलं आहे. पाहुणे आले की त्या मला बाहेर काढतात आणि माझ्यावर काय लिहिलंय ते खरं खरं वाचून दाखवतात. मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं, पण मी ऐकून घेते.

तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. एखाद्या आवडत्या वस्तूची कधी लाज वाटली, तरी तिला सेलसकट अंधारात कोंबू नका. निदान सेल तेवढे काढून ठेवा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, "हे काय लिहिलंय?" तर जे लिहिलं असेल तेच वाचून दाखवा.